अँब्युलन्सच्या टेंडरला कोर्टाने स्टे द्यावा का?

कडुनिंब:
काल टपरीवर वाद झाला तो इथे आणतोय, कारण तिथे सगळे स्टे द्यावा म्हणणारे आणि मी एकटा नको म्हणणारा. विषय 108, म्हणजे सरकारी अँब्युलन्स. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, आपल्या महाराष्ट्रात ही सेवा जानेवारी 2014 ला सुरू झाली, 937 गाड्या, त्यात 233 ॲडव्हान्स लाइफ सपोर्टच्या आणि 704 बेसिक, चालवायला पुण्याची बीव्हीजी कंपनी. मग दहा वर्षांनी, लोकसभेच्या तोंडावर 2024 मध्ये नवीन कंत्राट निघालं, सुमीत, स्पेनची एसएसजी आणि पुन्हा बीव्हीजी अशा तीन कंपन्यांचं मिळून कन्सोर्शियम, मुदत 10 वर्षं, आकडा 1,756 (यात 166 बाइक आणि 25 बोटी पण धरल्यात, लोक तेवढ्या चारचाकी समजून बसतात). विरोधकांनी हजारो कोटींचे आरोप केले, प्रकरण हायकोर्टात गेलं. घोटाळा झाला की नाही यावर मला वाद नको, ती फाइल माझ्यासमोर नाही आणि टपरीवरच्या कुणासमोरही नव्हती.

माझं म्हणणं वेगळंच आहे. अँब्युलन्सच्या टेंडरला स्टे देऊच नये. केस ऐका, रोज ऐका, गडबड निघाली तर दंड लावा, कंपनीला ब्लॅकलिस्ट करा, ज्याचं काम हुकलं त्याला भरपाई द्या, पण कामाला हात लावू नका. सुप्रीम कोर्टाने 2022 ला एन. जी. प्रोजेक्ट्सच्या केसमध्ये साधारण हेच सांगितलंय, तिथे झारखंडातला रस्ता होता, कोर्ट म्हणालं असल्या कामांना स्टे देताना हात आखडता घ्या, मनमानी दिसली तरी नुकसानभरपाईकडे वळवा. आता रस्त्याला ही सवलत असेल तर हार्ट अटॅकवाल्याला का नको? रस्ता सहा महिने थांबतो हो, तो नाही थांबत.

अर्धा_वकील:
कडुनिंब, ऐकायला छान वाटतं पण पायाच कच्चा आहे. स्टे दिला म्हणून गाड्या बंद पडतात हे कुणी सांगितलं तुम्हाला? जुना ऑपरेटर मुदतवाढीवर चालूच असतो, फोन केला की गाडी येतेच. स्टेमुळे थांबतं ते फक्त नवीन करारावरचं पेन.

आणि भरपाईचं म्हणाल तर एक जुनी गोष्ट सांगतो, आपल्या मुंबईचीच. 1977 च्या जानेवारीत मुंबई विमानतळावर सेकंड क्लास रेस्टॉरंट आणि दोन स्नॅक बार चालवायला टेंडर निघालं. अट एकच, नोंदणीकृत सेकंड क्लास हॉटेलवाला पाहिजे आणि पाच वर्षांचा अनुभव पाहिजे. काम मिळालं कुणाला, तर कंपन्यांची स्टाफ कँटीन चालवणाऱ्याला, का तर महिना 6,666 रुपयांची त्याची बोली सगळ्यात वरची. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, रमण दयाराम शेट्टी केस, निकाल 1979. कोर्टाने सरकारला चांगलं खडसावलं, स्वतः घातलेली अट स्वतःच मोडता येणार नाही म्हणाले, आजही टेंडरचा कुठलाही वकील उभा राहिला की आधी हीच केस काढतो. आणि शेवटी काय केलं? कंत्राट रद्द केलंच नाही! का, तर अर्जदार पाच महिने उशिरा आला आणि तोवर त्या माणसाने फर्निचर-बिर्निचरवर पैसे घातले होते. म्हणजे सरकार चुकलं हे मान्य, पण कँटीन चालू द्या.

आता यात कँटीनच्या जागी सतराशे गाड्या ठेवा. स्टे नाही म्हणजे सहा महिन्यांत गाड्या रस्त्यावर, बँकेचं कर्ज डोक्यावर, हजारो माणसं कामावर, मग चार वर्षांनी निकाल येणार की प्रक्रिया चुकीची होती. कोण रद्द करेल ते? आणि तुमची भरपाई कुणाच्या खिशातून, हरलेल्या कंपनीला सरकारने द्यायची म्हणजे तुमच्या-माझ्याच ना? आपण एका अँब्युलन्सचे पैसे दोनदा भरायचे, हा न्याय झाला का.

गावठी_मिसळ:
6,666 वाचून हसलो, पुजाऱ्याला विचारून बोली लावली होती काय

रात्रपाळी:
अर्धावकील साहेब, "गाडी येतेच" हे वाक्य तुम्ही फार सहज लिहून गेलात. मी दुसऱ्या एका राज्यात साडेतीन वर्षं ईएमटी (गाडीत पेशंटजवळ बसणारा कर्मचारी) होतो, कुठलं राज्य आणि कुठली कंपनी ते राहू द्या. त्यातलं सव्वा वर्ष असंच गेलं, टेंडर कोर्टात आणि आम्ही मुदतवाढीवर, मुदतवाढ पण तीन तीन महिन्यांची. आता तुम्हीच मालक आहात असं समजा, तीन महिन्यांनी गाडी आपल्याकडे राहणार की नाही माहीत नाही, टाकाल नवीन टायर? सक्शन मशीन बिघडलं तर नवं घ्याल का जुनंच उघडून बसवाल?

आमच्या गाडीच्या स्ट्रेचरचं मागचं लॉक तुटलं होतं. स्ट्रेचर आत सरकवला की खट्ट आवाज आला पाहिजे, तो यायचाच नाही, मग आम्ही रोलर बँडेजने बांधायचो, दोन वेढे आणि गाठ. घाटात उतरताना मी एक पाय स्ट्रेचरच्या दांड्याला लावून बसायचो, एका हाताने पेशंटचा मास्क धरायचा, दुसऱ्या हाताने वरची कडी. रिपेअर स्लिप भरली, परत भरली, वरून उत्तर एकच, नवीन टेंडर झालं की होईल. आमचा पायलट (108 ला ड्रायव्हरला पायलट म्हणतात, पगार मात्र ड्रायव्हरचाच) दर महिन्याला विचारायचा, तारीख लागली का रे, जशी काय त्याचीच फौजदारी केस चालू आहे.

कागदावर मात्र सेवा अखंड चालू. कोर्टात कुणी विचारलं असतं तरी हेच उत्तर गेलं असतं की रुग्णसेवेत कसलाही खंड नाही. म्हणून मला कडुनिंबचं पटतं, पण त्याच्यापेक्षा वेगळ्या कारणाने. स्टे लागला की फायदा नेहमी ज्याच्या हातात काम आहे त्याचा होतो, त्याला जुन्याच दराने बिलं मिळतात आणि नवीन खर्च शून्य.

अर्धा_वकील:
रात्रपाळी, मान्य, ते वाक्य हलकं झालं, मागे घेतो. पण मग दोष स्टेचा की तीन महिन्यांच्या मुदतवाढीचा? कोर्टाने स्टे देतानाच सांगावं की निकालापर्यंत जुन्याने अमुक इतक्या गाड्या अमुक स्थितीत ठेवायच्या, नाही ठेवल्या तर बिलातून कापा. असे आदेश देता येतात, कुणी मागतच नाही, सगळे नुसते "स्टे द्या" म्हणून भांडतात.

र्‍हाइनकाठ:
मी ड्युसेलडॉर्फला असतो, इथून जवळच झोलिंगेन नावाचं गाव आहे (चाकू-सुऱ्यांसाठी प्रसिद्ध, तुमच्या घरच्या जुन्या वस्तऱ्यावर पण नाव असेल बघा). तिथल्या अँब्युलन्सची केस थेट लक्झेंबर्गच्या युरोपियन कोर्टात गेली होती. झालं असं की 2016 ला नगरपालिकेने पाच वर्षांसाठी अँब्युलन्सचं काम द्यायचं ठरवलं, पण टेंडरची जाहिरातच काढली नाही, चार सेवाभावी संस्थांना बोलावलं आणि आर्बाइटर-झामारिटर-बुंड आणि माल्टेझर या दोघांना एकेक भाग देऊन टाकला. फाल्क नावाची डॅनिश कंपनी चिडली, म्हणाली आम्हाला विचारलंसुद्धा नाही.

कोर्टाने 21 मार्च 2019 ला सांगितलं की इमर्जन्सी रुग्णसेवा म्हणजे धोका टाळण्याचं काम, आग विझवण्यासारखं, त्यामुळे नफा न कमावणाऱ्या संस्थेला ते टेंडरच्या नेहमीच्या नियमांबाहेर देता येतं. मात्र दोन खुंट्या मारून ठेवल्या. एक म्हणजे नुसती पेशंटची ने-आण असेल तर ही सूट नाही, वाटेत तब्येत बिघडण्याचा खरा धोका असला पाहिजे. आणि दुसरं, संस्था खरोखर बिननफ्याची पाहिजे, इथल्या कायद्याने तिला मदतसंस्था म्हटलं एवढ्याने भागत नाही.

म्हणजे तुम्ही स्टे द्यायचा की नाही यावर भांडताय, पण अँब्युलन्सला टेंडर पाहिजेच कशाला हा प्रश्न कुणी काढतच नाहीये.

कडुनिंब:
र्‍हाइनकाठ भाऊ, हे मस्त सांगितलंत, पण आपल्याकडे ते करून झालंय. 108 मुळात सुरूच तशी झाली, 15 ऑगस्ट 2005, हैदराबाद, ईएमआरआय, ना-नफा संस्था, आणि सुरुवातीला बऱ्याच राज्यांनी टेंडर न काढताच करार करून टाकले. संस्थापक कोण तर सत्यम या आयटी कंपनीचे रामलिंग राजू! जानेवारी 2009 ला राजूंनी सत्यमच्या हिशोबातला घोळ कबूल केला, ते तुरुंगात गेले, आणि राज्याराज्यांतली अँब्युलन्स सेवा एका रात्रीत पोरकी झाली, मग ती चालवायला जीव्हीके कंपनी आली. सेवा चांगलीच होती, त्याबद्दल शंका नाही, माझ्या मते देशात त्या दशकात झालेल्या मोजक्या चांगल्या गोष्टींपैकी ती एक. पण ना-नफा पाटी बघून टेंडर सोडून द्यायचं म्हणाल तर आपल्याकडे दुसऱ्याच दिवशी प्रत्येक आमदाराचा एक रुग्णसेवा ट्रस्ट उभा राहील, धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसबाहेर रांग लागेल.

आणि दुसरं, तुमच्याच उदाहरणात बघा, कंत्राट पाच वर्षांचं, ठरवलं 2016 ला आणि उत्तर आलं 2019 ला. तुमच्याकडेसुद्धा तीन वर्षं!

र्‍हाइनकाठ:
ते खरंय, वेळ इथेपण लागतो, फक्त कॉफी बरी मिळते. पण एक गोष्ट इथली उचलण्यासारखी आहे. नेहमीच्या टेंडरमध्ये निकाल जाहीर केला की लगेच सही करता येत नाही, पंधरा दिवस थांबावंच लागतं, ईमेलने कळवलं तर दहा. आधी हरलेल्याला तुला का नाकारलं ते लेखी कळवायचं, तिथून दिवस मोजायचे, त्याला जायचं असेल तर तो तेवढ्यात कोर्टात जातो. सगळं भांडण सहीच्या आधी. तुमच्या विमानतळाच्या कँटीनवाल्यासारखं फर्निचर घेऊन झाल्यावर नाही.

अर्धा_वकील:
हेच, नेमकं हेच मला पाहिजे होतं. आपल्याकडे केंद्राच्या खरेदी नियमावल्यांत हरलेल्याला कारण सांगण्याची तरतूद आहे, पण दहा दिवस पेन खाली ठेवा असं बांधून घालणारा कायदा कुठे आहे? निवडणुकीच्या आधी कंत्राटं कशी घाईत निघतात सगळ्यांनी पाहिलंय, आज मंजुरी, उद्या वर्क ऑर्डर, परवा आचारसंहिता. मग माणूस कोर्टात पोचतो तेव्हा सरकारी वकील म्हणणार, मिलॉर्ड काम सुरू झालंय, आता स्टे दिलात तर लोक मरतील. आणि कडुनिंब, तुमचा नियम लावला तर या घाईला बक्षीसच मिळेल की. जो लवकर सही करेल तो सुटला.

गावठी_मिसळ:
माझा एक साधा प्रश्न. गडचिरोलीला आणि कुलाब्याला एकच कंत्राट का? विभागवार सहा तुकडे करा ना, फोन नंबर आणि कंट्रोल रूम एकच ठेवा. मग नाशिकच्या तुकड्याला स्टे लागला तर कोकणातली बोट कशाला अडेल? त्या झोलिंगेनवाल्यांनी एका गावाचे दोन भाग केले, आपण अख्खं राज्य एकाला देतो आणि मग म्हणतो स्टे देऊ नका फार मोठं काम आहे. मोठं तुम्हीच केलंत की.

रात्रपाळी:
मिसळ भाऊ, कल्पना बरी आहे पण हद्दीवर काय होणार ते बघा. आमच्याकडे दोन ऑपरेटर नव्हते तरी दोन जिल्ह्यांच्या सीमेवर कॉल आला की "तो तिकडचा आहे" व्हायचं. सहा कंपन्या झाल्या की सोलापूरच्या अलीकडे-पलीकडे किलोमीटर कुणाच्या बिलात टाकायचा यावर पेशंट रस्त्यात.

गावठी_मिसळ:
हद्दीचं भांडण पोलिसांतपण आहे, म्हणून एकच पोलीस स्टेशन करत नाही कुणी

कडुनिंब:
बरं, टपरीवर एकटा पडलो होतो तसाच इथेपण पडणार दिसतंय. दहा दिवसांचं मला पटलं, तेवढं थांबायला काहीच हरकत नाही, जुन्या गाड्या तेवढे दिवस धावतातच. रात्रपाळींनी सांगितलेल्या बँडेजच्या गाठी एवढ्यात नाही बसत. पण त्यानंतर सही झाल्यावर स्टे नाही, यावर मी ठाम आहे. आणि कागद दहा दिवस आधी वेबसाइटवर टाका, दर किती, कुणाला किती मार्क दिले, सगळं.

अर्धा_वकील:
आणि कागद टाकलेच नाहीत तर? दहा दिवस वेबसाइट "अंडर मेंटेनन्स" असली तर?

कडुनिंब:
तर स्टे. घ्या.

अर्धा_वकील:
लिहून ठेवतो हे. टपरीवर दाखवणार आहे, पत्ता द्या.