चर्चा : जनाची लाज गेली, तर मनाची किती उरते?

मूळ लेख

‘जनाची नाही, निदान मनाची तरी लाज बाळगा’ असे एखाद्याला सुनावताना आपण गृहीत धरतो, की चारचौघांची भीड सुटली तरी मनातली लाज स्वतःच्या बळावर शाबूत राहते. मला हे गृहीतच पटत नाही. मनाची लाज हा जनाच्याच नजरेचा आत मुरलेला अंश असतो आणि ती नजर दीर्घकाळ दूर राहिली की तोही विरत जातो, असे माझे मत आहे.

न्यूकॅसल विद्यापीठातील मेलिसा बेटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच विभागाच्या चहा-कॉफीच्या खोलीत एक प्रयोग केला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. तिथे ज्याने त्याने आपणहून पेटीत पैसे टाकायचे असत. दरपत्रकाच्या वर एका आठवड्यात फुलांचे चित्र लावले जाई, तर पुढच्या आठवड्यात रोखून पाहणाऱ्या डोळ्यांचे. दहा आठवड्यांचा हिशेब मांडल्यावर असे दिसले, की खपलेल्या दर लिटर दुधामागे डोळ्यांच्या आठवड्यांत सुमारे पावणेतीनपट रक्कम जमली होती. खोलीत येणारी माणसे तीच होती आणि त्यांचे संस्कारही तेच होते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या पक्षांतर्गत निवडणुकीआधी काही मतदारांना संशोधकांनी पत्रे पाठवली. नागरिकाच्या कर्तव्याची आठवण देणारे पत्र ज्यांना मिळाले त्यांच्यात ३१.५ टक्के मतदान झाले. आपण आणि आपल्या शेजाऱ्यांनी पूर्वी मतदान केले होते की नाही याची यादी असलेले, आणि निवडणुकीनंतर नवी यादी पुन्हा सर्वांना धाडू असे बजावणारे पत्र ज्यांना मिळाले, त्यांच्यात ३७.८ टक्के झाले. कसलेच पत्र न मिळालेल्यांत हे प्रमाण २९.७ टक्के होते. कर्तव्याच्या आवाहनाने जेमतेम दोन टक्क्यांची भर पडली आणि शेजाऱ्याच्या नजरेने आठ टक्क्यांची.

मध्यरात्री रिकाम्या चौकात लाल दिव्यापाशी थांबलो असता, दिव्याकडे पाहण्याआधी मी आजूबाजूला पाहिले. हे मला स्वतःला लागलेले आहे, म्हणूनच हा धागा काढला.

प्रतिसाद १

आपली उदाहरणे खरी असली, तरी त्यांत पाहणारा आणि पाहिला जाणारा एकाच पायरीवर उभे आहेत. नजर वरून खाली येते तेव्हा माणूस सुधारत नाही, लपवायला शिकतो.

ईथन बर्नस्टीन यांनी दक्षिण चीनमधील एका मोबाइल कारखान्यात केलेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या कामगारांनी जुळणीच्या कामात वेळ वाचवणाऱ्या स्वतःच्या युक्त्या शोधल्या होत्या. मात्र वरिष्ठ जवळ येताना दिसले की ते निमूटपणे ठरवून दिलेल्या, अधिक संथ पद्धतीकडे वळत, कारण नवी पद्धत साहेबांना समजावून सांगण्यापेक्षा ती झाकणे सोपे होते. पुढे काही जुळणी-रांगांभोवती पडदे लावले, तेव्हा त्या रांगांचे उत्पादन दहा ते पंधरा टक्क्यांनी वाढले.

हे मी स्वतः भोगले आहे. माझ्या एका जुन्या नोकरीत दर काही मिनिटांनी आमच्या संगणकाच्या पडद्याचे छायाचित्र आपोआप टिपले जात असे. अवघड प्रश्न आला की खुर्चीत मागे रेलून, डोळे मिटून विचार करण्याची माझी सवय होती, पण विचार छायाचित्रात दिसत नाही. त्यामुळे मी माऊस हलवत राहायला शिकलो, एकच परिच्छेद वरखाली सरकवत राहायला शिकलो, आणि वर्षअखेरीस माझ्या लक्षात आले की अवघड प्रश्न मी हाती घेणेच सोडून दिले होते. इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांनी १७९१ साली प्रसिद्ध केलेल्या तुरुंगाच्या आराखड्याचे मर्म हेच होते: मधल्या मनोऱ्यात पहारेकरी आहे की नाही हे कैद्याला कधीच कळू नये, म्हणजे तो स्वतःच स्वतःवर पहारा ठेवील. याला आपण मनाची लाज म्हणाल का?

प्रतिसाद २

एक दुरुस्ती आवश्यक आहे. चित्रातल्या डोळ्यांवर पुढे अनेक प्रयोग झाले आणि त्यांचे एकत्रित विश्लेषणही झाले. २०१७ च्या विश्लेषणात अशा चित्रांमुळे औदार्य वाढल्याचे आढळले नाही. २०१९ च्या दुसऱ्या विश्लेषणात मात्र गैरवर्तन कमी झाल्याचे दिसले. तेव्हा एका खोलीतल्या प्रयोगावर एवढी इमारत उभारू नये. चित्रातले डोळे हात आवरत असतील, पण ते हात सैल करतात असे म्हणता येत नाही.

मूळ लेखकाचे उत्तर

दुरुस्ती मान्य आहे, आणि लपवाछपवीचा मुद्दाही. पण माझे म्हणणे केवळ पाळतीपुरते नाही. अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात पर्यटक अश्मीभूत लाकडाचे तुकडे उचलून नेत असत. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी तिथे दोन प्रकारच्या पाट्या लावून पाहिल्या. ‘पूर्वीच्या अनेक पर्यटकांनी लाकूड नेल्यामुळे वनाचे रूप पालटले आहे’ अशा अर्थाच्या पाटीपाशी, खुणा करून ठेवलेल्या तुकड्यांपैकी ७.९२ टक्के नाहीसे झाले. ‘कृपया लाकूड नेऊ नका’ एवढेच सांगणाऱ्या पाटीपाशी १.६७ टक्के गेले. चोरीबद्दलची खंत वाचून लोकांनी घेतला तो अर्थ एवढाच, की सगळेच नेतात. डोळे वटारणारे तिथे कोणी नव्हते, तरी मनाने कौल मागितला तो जनाकडेच.

प्रतिसाद ३

मला हे अजिबात मान्य नाही, आणि माझा आधार प्रयोगांचाच आहे. सॉलोमन ॲश यांच्या १९५१ च्या प्रयोगात रेघांची लांबी जुळवायची होती. उत्तर डोळ्यांना स्वच्छ दिसत होते, पण खोलीतील इतरांनी ठरवून एकसुरात चुकीचे उत्तर दिले की सुमारे एक तृतीयांश वेळा माणूस त्यांच्या सुरात सूर मिसळत असे. आता पुढचे पाहा. सगळ्यांसमोर बोलण्याऐवजी उत्तर खासगीत कागदावर लिहायला सांगितले, की चुका एकदम ओसरत. याचा अर्थ मनाला खरे ठाऊक होते आणि ते विरलेले नव्हते. त्याला अडवत होती ती नजर.

मिशिगनच्या पत्रांतील एक गोष्ट आपण सोडून दिलीत. मतदान केले की नाही, एवढेच त्या यादीत होते. कोणाला मत दिले, हे नव्हते आणि असणे शक्यही नव्हते, कारण तिथले मतदान गुप्त असते. गुप्त मतदानाची ही पद्धत ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी १८५६ साली स्वीकारली आणि ब्रिटनने १८७२ साली. त्यापूर्वी ब्रिटनमध्ये मतदार आपली पसंती उघडपणे सांगत असे आणि ती जमीनदाराच्या व मालकाच्या कानी पडत असे. जिथे माणसाचे खरे मत हवे होते, तिथे समाजाने स्वतःच आपली नजर बाजूला घेतली.

प्रतिसाद १ (पुन्हा)

हे फार नेमके मांडलेत. माझ्या त्या नोकरीतही काम ठरलेल्या दिवशी पूर्ण झाले की नाही, हे विचारण्याचा वरिष्ठांना पूर्ण अधिकार होता. दर काही मिनिटांचे छायाचित्र मागण्याचा नव्हता.

मूळ लेखकाचे उत्तर

कृती झाली की नाही हे पाहणे वेगळे आणि मनात काय आहे हे पाहणे वेगळे, हा भेद मी लिहिताना केला नव्हता. तो करायला हवा होता. तरीही ॲश यांच्याच प्रयोगातील एक गोष्ट पुढे ठेवतो. गटातल्या एकाने जरी बरोबर उत्तर दिले, तरी इतरांच्या दडपणाखाली असलेला माणूस बहुतेक वेळा खरे बोलू लागे. तो एक साथीदारही जनांतलाच होता.

प्रतिसाद ३ (पुन्हा)

होता. पण कागदावर उत्तर लिहिणाऱ्याला तोही नव्हता.