अतिथी नेमका कोण?

प्रश्न : तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत ‘अतिथिदेवो भव’ असे म्हटले आहे; मग आधी फोन करून येणारा पाहुणा त्या अर्थाने अतिथी ठरतो का?

प्रतिसाद १ : ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी पारंपरिक व्युत्पत्ती सांगतात. तेव्हा तो पाहुणा खरा, अतिथी नव्हे.

प्रतिसाद २ : आषाढी वारीत माउलींची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत मुक्कामी असते, तेव्हा आमच्या वाड्यात अनोळखी वारकऱ्यांसाठी पिठले-भाकरी केली जाते आणि त्यांचे नाव-गाव जेवण झाल्यावरच विचारले जाते. (चहा मात्र न विचारताच येतो, पुण्यातही!)

प्रतिसाद ३ : परंतु वारीची तिथी पंचांगातच असते. मला तिथीपेक्षा अनोळखीपणा निर्णायक वाटतो.