प्लॅटी मासा म्हणून घेतलेल्या नराच्या शेपटीला छोटी तलवार आलीय. संकर आहे का?

कोपऱ्यातली_टाकी:
लाल प्लॅटींमधल्या एका नराच्या शेपटीचा खालचा कोपरा ५-६ मिमी लांबलाय. अंग निमुळतं, पाठीच्या परावर काळे ठिपके. हा संकर आहे का? हे ठिपके हिरव्या सोर्डटेलमध्ये (प्लॅटीचाच नातलग, नराच्या शेपटीला तलवारीसारखं टोक असतं) आणायचेत. त्यासाठी दुकानातून आणलेल्या माद्या चालतील का? टाकी दोन फुटी, पाणी बोअरचं.

निळीशेपटी:
संकरच. प्लॅटीच्या नराला तलवार येत नाही. तसं बाजारातल्या दोन्ही माशांत एकमेकांचं रक्त असतंच. लाल सोर्डटेलचा लाल रंगही प्लॅटीकडून आलेला आहे. कुणाचं रक्त जास्त, हे पाठीच्या परावरून कळतं. मासा अरुंद काचेच्या डब्यात घ्या, मागून टॉर्च धरा आणि बाजूने फोटो काढून पराचे किरण (परातल्या काड्या) मोजा. प्लॅटीत ८ ते १०, सोर्डटेलमध्ये ११ ते १४. मोजायचे ते बुडाशी, कारण वर किरणांना फाटे फुटतात. शेवटचा किरण बऱ्याचदा बुडापासूनच दुभंगलेला असतो, तो एकच धरा.

दुकानातल्या माद्या अजिबात नकोत. मादी नराचं वीर्य कित्येक महिने साठवून ठेवते, त्यामुळे तुमच्या नराशेजारी झालेली पिल्लं दुकानातल्याच नराची निघतील. माद्या पिल्लापासून घरीच वाढवा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून दर चार दिवसांनी भिंगातून ॲनल फिन (पोटाखालचा मागचा पर) बघा. पंख्यासारखी पसरट असेल तर मादी. पुढचे किरण जाड होऊन टोक निघायला लागलं की नर, त्याला तेव्हाच बाहेर काढा. सोर्डटेलमध्ये इथेच फसायला होतं: काही नर कित्येक महिने मादीसारखेच दिसतात. ‘मादीचा नर झाला’ म्हणतात ते बहुतेक हेच उशिरा वयात आलेले नर. म्हणून माद्या तीन-तीनच्या गटात ठेवा. गटात एक जरी पिल्लू दिसलं, तरी तो अख्खा गट बाद.

मग एक नर आणि दुसऱ्या जातीच्या तीन कोऱ्या (नराला कधीच न लागलेल्या) माद्या. नराच्या स्वतःच्या जातीची मादी त्या टाकीत ठेवू नका, तो तिच्याच मागे लागेल. तापमान २४ ते २६ अंश, पीएच ७ ते ८. बोअरचं जड पाणी या माशांना मानवतं. पिल्लं साधारण चार ते सहा आठवड्यांत दिसतात.

शेवाळ_७:
थांबा, ठिपके पाठीच्या परावर आहेत ना? तो नर हिरव्या सोर्डटेलला लावू नका. प्लॅटीतल्या या ठिपक्यांसोबत गाठ निर्माण करणारं एक जनुक येतं. प्लॅटीत त्याला आवरणारं दुसरं जनुक असतं, सोर्डटेलमध्ये ते नसतं. पहिल्या पिढीत आवरणाऱ्याची एकच प्रत उरते आणि काळेपणा वाढतो. ती पिढी पुन्हा सोर्डटेलला लावली की साधारण निम्म्या पिल्लांत ठिपके येतात, आणि त्यातल्या निम्म्यांत आवरणारं काहीच उरत नाही. म्हणजे एकूण चौथा हिस्सा पिल्लांना मेलॅनोमा, त्वचेचा कर्करोग. अमेरिकेत मायरन गॉर्डन आणि जर्मनीत कुर्ट कॉसविग या संशोधकांनी १९२० च्या दशकातच हे दाखवलं होतं.

सुरुवातीला पराच्या बुडाशी काळा फुगवटा दिसतो, मग पराची कड झडते आणि गाठ पाठीत उतरते. रोग संसर्गजन्य नाही, पण मीठ किंवा औषध टाकूनही काही होत नाही. जाणूनबुजून असे मासे पैदा करणं मला क्रूर वाटतं.

कोपऱ्यातली_टाकी:
म्हणजे काळा रंग सोडूनच द्यायचा?

शेवाळ_७:
नाही, वॅगटेल प्रकारचे मासे घ्या. पर आणि शेपूट काळी, अंगावर ठिपके नाहीत. तो रंग वेगळ्या जनुकाचा आहे. आणि हा ठिपक्यांचा नर ठेवायचाच असेल, तर साध्या प्लॅटीच्या माद्यांना लावा.

निळीशेपटी:
बरोबर. आणि जास्तीची पिल्लं विहिरीत किंवा तळ्यात सोडू नका. पालिका डासांसाठी गप्पी सोडते म्हणून आपले संकरही चालतील, असं नाही. दुकानदाराला देताना ‘प्लॅटी’ न म्हणता ‘संकर’ असंच सांगा, नाहीतर पुढचा माणूस पुन्हा इथे हाच प्रश्न घेऊन येईल.