अ‍ॅकॉर्डियन जॅझमधे कायम पाहुणाच का?

खर्जातला_बोका:
दोन आठवडे झाले अ‍ॅकॉर्डियनवाल्या आर्ट व्हॅन डॅमचं क्विंटेट (पाच जणांचा बँड) लावून बसलोय. माणूस भन्नाट वाजवतो, वादच नाही. पण जितकं ऐकतोय तितकं वाटतंय की हे वाद्य जॅझमधे पाहुणाच राहिलं आणि त्याला जबाबदार त्याची डावी बाजू. 120 बेसच्या, म्हणजे डावीकडे 120 बटनं असलेल्या, अ‍ॅकॉर्डियनमधे डावीकडे त्यातली 80 बटनं तयार कॉर्डची (एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुडग्याची) असतात, मेजर, मायनर, सेवन्थ, डिमिनिश्ड, संपलं. वाण्याने पुड्या बांधून ठेवाव्यात तसं. जॅझचा पियानोवाला कॉर्डमधला कुठला सूर ठेवायचा कुठला गाळायचा हे वाजवता वाजवता ठरवतो, इथे ते कारखान्यातच ठरलेलं. व्हॅन डॅमचा डावा हात मला तरी क्वचितच ऐकू येतो, गिटार आणि बेसवाला आहेच ना सोबत.

भाता_उघडा:
मग ट्रंपेटवाल्याला विचारा की बाबा तुझा डावा हात काय करतोय 😄 आणि पुड्या म्हणाल तर दोन एकत्र करता येतात की, सीचा बेस आणि ई मायनरचं बटन दाबा, सी मेजर सेवन हजर. खरा घोळ प्रतिमेचा झाला. अमेरिकेत 1955 पासून दर शनिवारी रात्री बँडवाल्या लॉरेन्स वेल्कचा टीव्ही शो घराघरात, म्हणजे अ‍ॅकॉर्डियन म्हटलं की आजी-आजोबांचा गुळमट पोल्का. त्यात रॉक आलं, पोरांनी गिटार धरली. यात वाद्याचा काय दोष?

बेसूर_आनंद:
प्रतिमा वगैरे ठीके पण आवाजाचं काय? एका सुराला दोन-तीन रीड (आवाज काढणाऱ्या धातूच्या पट्ट्या), एकमेकींपासून किंचित सरकवून लावलेल्या, त्यामुळे ती सतत थरथर. पॅरिसच्या नाचघरात छान वाटते, ब्लूजमधे नको होतं. आणि पॅरिसच्या जॅझ गिटारवाल्या जँगो राइनहार्टचंच बघा ना, 1928 ची त्याची पहिली रेकॉर्डिंग अ‍ॅकॉर्डियनवाल्यामागे बँजो वाजवत झाली, पण 1934 मधे स्वतःचं क्विंटेट निघालं तेव्हा तीन गिटार, एक व्हायोलिन, एक बेस. ज्याच्या मांडीवर वाढला त्यालाच बाहेर ठेवलं.

भाता_उघडा:
अहो थरथर बंद करता येते, जॅझवाले ड्राय ट्यूनिंगच घेतात, म्हणजे रीड न सरकवता सारख्या लावलेल्या. जँगोने नाही घेतलं पण त्याच पॅरिसमधे गुस व्हिझर आणि टोनी म्युरेना अ‍ॅकॉर्डियनवर स्विंग वाजवतच होते. अमेरिकेतही ज्या बेनी मोटेनच्या बँडमधे जॅझचा दिग्गज काउंट बेसी पियानोवर होता तिथेच बस्टर मोटेन अ‍ॅकॉर्डियन वाजवायचा. बाकी ब्लूजसारखा सूर वाकत नाही म्हणून कुणी नापास करणार असेल तर पियानोला तरी मींड कुठे येते? आपल्याकडे आकाशवाणीने 1940 मधे हार्मोनियमवर बंदी घातली तेव्हा हेच सांगत होते, आणि आज पेटीशिवाय मैफल दाखवा.

खर्जातला_बोका:
पेटीचा दाखला अर्धाच पटला. पेटी गवय्याच्या मागे बसते म्हणून चालली. अ‍ॅकॉर्डियनला पुढे बसायचंय आणि पुढे बसून टिकलेले किती, व्हॅन डॅम, मग थेट फ्रान्सचा रिशार गॅलियानो. म्हणजे अपवाद. हो, आणि आमच्या पुण्यात एनॉक डॅनियल्स, पण ते जॅझ नव्हे, मधे आणत नाही.

तिसरी_घंटा:
गॅलियानोला नुसतं अपवाद म्हणून कसं उडवता, अर्जेंटिनाच्या टँगो संगीतकार पियात्सोलाने त्याला सांगितलं की मी टँगोचं जे केलं ते तू म्युझेटचं (पॅरिसच्या अ‍ॅकॉर्डियनवरच्या नाचसंगीताचं) कर, आणि त्याने केलं. 2008 मधे फ्रान्सच्या मार्सियाक जॅझ महोत्सवात ट्रंपेटवाल्या विंटन मार्सालिसच्या क्विंटेटसोबत वाजवलंय त्याने. विंटन म्हणजे जॅझमधला सोवळं नेसलेला माणूस, तो उगाच कुणालाही पंक्तीला घेत नाही.

बेसूर_आनंद:
पंक्तीला घेतलं म्हणजे पाहुणाच झाला की हो 😂

खर्जातला_बोका:
हाहा. मार्सियाकचं आज रात्री ऐकतो. पण सांगून ठेवतो, कान डाव्या हाताकडेच असणार.