मदत हवी आहे: अर्काने मॉर्फिनची ओढ कमी झाली, की उंदरांना अर्कच नकोसा झाला?

नमस्कार मंडळी,

एका मुळाच्या अल्कोहोलमध्ये काढलेल्या अर्कावर काम चालू आहे. नर उंदरांवर मॉर्फिनची सीपीपी, म्हणजे जागेच्या पसंतीची चाचणी. पेटी दोन कप्प्यांची: एकीकडे काळ्या भिंती आणि खाली सळ्या, दुसरीकडे पांढऱ्या भिंती आणि खाली जाळी. आधी 15 मिनिटं मोकळं सोडून मूळ कल मोजला. मग सहा दिवस आलटून पालटून मॉर्फिन (10 मिग्रॅ/किलो, त्वचेखाली) आणि सलाइन, दर वेळी 30 मिनिटं ठरलेल्या कप्प्यात बंद. शेवटी काहीही न टोचता 15 मिनिटांची चाचणी. मॉर्फिनच्या दिवशी अर्धा तास आधी अर्क पोटाच्या पोकळीत टोचला, 10 टक्के डीएमएसओमध्ये (विरघळवणारा द्रव): 100, 200 आणि 400 मिग्रॅ/किलो.

200 आणि 400 ला मॉर्फिनची पसंती साफ गेली. पण नुसता अर्क दिलेला 400 चा गटही अर्काच्या कप्प्यात थांबायला तयार नाही. याला व्यसनविरोधी परिणाम म्हणता येईल का? कोणते कंट्रोल गट घ्यावेत? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

पिपेट:

400 चा निकाल तूर्त बाजूला ठेवा. अर्क फक्त मॉर्फिनच्या दिवशी दिलात, त्यामुळे एकाच कप्प्याशी मॉर्फिनचं सुख आणि अर्काचा त्रास दोन्ही जोडले गेले. एक अधिक, एक उणे. मॉर्फिनच्या परिणामाला अर्काने धक्काही लावला नसेल तरी आलेख असाच दिसेल.

त्रास कशाचा, ते हिशेबातच दिसतं. 10 मिली/किलोने टोचत असाल तर 400 मिग्रॅ/किलो म्हणजे एका मिलीत 40 मिग्रॅ कच्चा अर्क. हे द्रावण नव्हे, गाळ आहे. त्यात टॅनिन आणि सॅपोनिन असतील तर पोटाच्या पोकळीच्या अस्तराची आग होणारच. टोचल्यावर पहिली वीस मिनिटं पिंजऱ्यासमोर बसा. उंदीर अंग लांबवून पोट आत ओढतोय, मागचे पाय ताणतोय असं दिसलं तर ते पोटाचं दुखणं आहे. शवविच्छेदनात आतड्यांवर तपकिरी कण चिकटलेले दिसले तर शंकाच नको.

अर्क 0.5 टक्के सीएमसीमध्ये (पाण्याला घट्टपणा आणणारी सेल्युलोजची पूड) कालवून नळीने तोंडावाटे द्या. नळीचाही ताण येतो, म्हणून आधी काही दिवस नुसत्या सीएमसीने सवय करा. शोषण सावकाश होतं, तेव्हा तासभर आधी देऊन सुरुवात करा. पोटात टोचण्याचा डोस तोंडावाटे तसाच लागू पडेल असं धरू नका.

आणि हा गट घ्याच: कंडिशनिंगमध्ये (कप्प्याशी औषध जोडण्याच्या सहा दिवसांत) फक्त मॉर्फिन, अर्क एकदाच, शेवटच्या चाचणीआधी. उपचाराला माणूस येतो तो ओढ लागून गेल्यावर. त्यामुळे या गटाचं उत्तर मला जास्त मोलाचं वाटतं.

सळई:

पिपेट यांच्याशी सहमत. फक्त चाचणीआधी अर्क दिलात तर सुस्तीचा प्रश्न उभा राहतो. पेटीतल्या फेऱ्या मोजा, रोटारॉडवर (फिरत्या दांड्यावर) तोल बघा, आणि हालचाल घटवणारा डोस वगळा. कोरिडॅलिस या वनस्पतीतलं एल-टेट्राहायड्रोपाल्माटिन मेंदूतल्या डोपामिनचे डी1 आणि डी2 रिसेप्टर (पेशींवरचे ग्राहक) अडवतं. रॅटमध्ये (मोठ्या जातीच्या उंदरात) त्याने कोकेनचं सेवन घटतं, पण डोस चढवला की प्राणी पेंगतो. इबोगा या झुडपातल्या आयबोगेनचं उदाहरण तर फार बोलकं आहे: 40 मिग्रॅ/किलोला रॅटचं मॉर्फिन घेणं कमी झालं, 100 ला लहान मेंदूतल्या पुर्किंजे पेशी मेल्या. माणसात ते हृदयाचे एचईआरजी पोटॅशियम मार्गही अडवतं आणि ठोक्यांची लय बिघडते. म्हणूनच 18-मेथॉक्सीकोरोनॅरिडिनसारखे बदललेले रेणू बनवावे लागले.

टेल-फ्लिकही (शेपटीला उष्णता देऊन ती किती वेळात हलते ते बघण्याची वेदना-चाचणी) करून टाका. अर्काने मॉर्फिनची वेदनाशामकताही गेली, तर तो ओपिऑइड रिसेप्टर अडवत असेल किंवा मॉर्फिन मेंदूपर्यंत कमी पोचत असेल. रक्तातलं आणि मेंदूतलं मॉर्फिन मोजल्याशिवाय यातलं नक्की काय ते कळणार नाही. स्मरणशक्तीसाठी मॉर्फिनऐवजी खाऊ देऊन सीपीपी घ्या. तीही गेली तर अर्काने शिकणंच बिघडवलंय.

गाळणी:

मूळ कल कोणत्याही कप्प्याकडे 70 टक्क्यांच्या वर असेल तो उंदीर वगळा, आणि हा नियम आधीच लिहून ठेवा. अर्ध्यांना मॉर्फिन काळ्यात, अर्ध्यांना पांढऱ्यात. नावडत्या कप्प्यातच सगळ्यांना दिलंत तर तिथली भीती कमी होणंसुद्धा पसंती म्हणून मोजलं जातं. पेटी पुसल्यावर अल्कोहोलचा वास जाऊ द्या. अर्काची एकच बॅच सगळ्या गटांना पुरवा, एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) मुख्य घटकाचं प्रमाण मोजून.

धागाकर्ता:

मनापासून आभार. तोंडावाटे देऊन पुन्हा करतो. निकाल टिकला तर रॅटवर सेल्फ-ॲडमिनिस्ट्रेशन (प्राणी दांडी दाबून स्वतःच औषध घेतो ती चाचणी) करावं का?

सळई:

जरूर. मानेच्या शिरेत कॅथेटर, एका दाबाला एक मात्रा, मध्ये 20 सेकंद विराम. त्याच डोसला खाण्यासाठी दाबणं तसंच राहिलं पाहिजे. कॅथेटर रोज हेपॅरिन-सलाइनने धुवा. अधूनमधून थोडं मेथोहेक्सिटल (झटपट भूल देणारं औषध) सोडून बघा: रॅट काही सेकंदांत ढिला पडला तर मार्ग मोकळा. नाही पडला तर त्या रॅटचे, मार्ग मोकळा दिसलेल्या मागच्या तपासणीनंतरचे सगळे आकडे बाद करा. तुंबलेल्या कॅथेटरमुळे दाबणं थांबतं आणि श्रेय अर्काला जातं.