क्रूस समजावताना 'दंड भरणारा न्यायाधीश' आता पुरे

कोनशिला

क्रूसाचा अर्थ नवख्यांना सांगताना एक दाखला हमखास येतो. आरोपी दोषी ठरतो, न्यायाधीश कायद्याप्रमाणे दंड ठोठावतो, मग झगा उतरवून खाली येतो आणि तो दंड स्वतःच्या खिशातून भरतो. पटकन कळतो म्हणून सगळे वापरतात. माझ्या मते तो वापरणं थांबवावं, कारण जिथे ताण येतो तिथेच तो फाटतो.

दंडाचे पैसे कोणीही भरले तरी चालतात. देहदंडाचं तसं नाही. खुन्याऐवजी भलत्यालाच फाशी दिली तर कोणतंही न्यायालय त्याला न्याय म्हणणार नाही. क्रूसावर तर माणूस मेला. दाखला पैशांचा द्यायचा आणि निष्कर्ष प्राणांचा काढायचा, ही हातचलाखी झाली. ऐकणाऱ्यांतला एखादा हुशार मुलगा नेमकं हेच विचारतो आणि शिकवणारा गडबडतो.

शिवाय दंड भरला की खटला निकालात निघतो, मग पुनरुत्थानाचं काय काम? प्रेषित पौल तर १ करिंथ १५:१७ मध्ये म्हणतो की ख्रिस्त उठवला गेला नसेल तर तुम्ही अजून आपल्या पापांतच आहात. या दाखल्यात शुक्रवारीच हिशेब मिटतो आणि रविवार नुसता सत्कार समारंभ उरतो.

आणि 'आपली शिक्षा त्याने भोगली' हा अर्थ म्हणजेच सुवार्ता, असं सांगणाऱ्यांनी मतांगीकार, म्हणजे मंडळीची विश्वासाची अधिकृत कबुली, उघडून पाहावा. ३८१ च्या मतांगीकारात 'पंतय पिलाताच्या वेळी आमच्यासाठी क्रूसावर खिळला गेला' एवढंच आहे. 'आमच्यासाठी' म्हणजे नेमकं कसं, हे तिथे ठरवलेलं नाही.

रोखठोक

दाखला तोकडा आहे, मान्य. पण तुम्ही त्याच्याबरोबर शिक्षेचा मुद्दाही फेकून देताय. यशया ५३:५ मध्ये दुःख सोसणाऱ्या सेवकाबद्दल (ख्रिस्ती लोक यात येशू पाहतात) शिक्षा त्याच्यावर आली असंच आहे. गलती ३:१३ मध्ये पौल 'तो आपल्यासाठी शाप झाला' म्हणतो, आणि हा शाप अनुवाद २१:२३ मधला, झाडावर टांगलेल्याचा. रोम ३:२६ चा सगळा भर यावर आहे की देव न्यायी राहून पाप्याला नीतिमान कसा ठरवतो. शिक्षा वगळली की क्षमा म्हणजे डोळेझाक.

ही धर्मसुधारक काल्विनची सोळाव्या शतकातली टूम असल्याचं कोणीतरी म्हणेलच, म्हणून आधीच सांगतो: चौथ्या शतकातला कैसरियाचा बिशप युसेबियस 'डेमॉन्स्ट्रेशिओ इव्हँजेलिका' या ग्रंथाच्या दहाव्या भागात लिहितो की ख्रिस्ताने त्याच्यावर देणं नसलेली, आपली शिक्षा सोसली.

निरपराध तिऱ्हाइताला शिक्षा, हा तुमचा आक्षेप येशू तिऱ्हाईत असेल तरच लागू पडतो. ज्याच्याविरुद्ध अपराध झाला तोच इथे भोगतोय. २ करिंथ ५:१९ वाचा, देव ख्रिस्तामध्ये जगाचा समेट करत होता. दाखल्यातला न्यायाधीश वाईट का? कारण खऱ्या न्यायाधीशाचं आरोपीने वैयक्तिक काहीच बिघडवलेलं नसतं. तेवढी दुरुस्ती करा, दाखला उभा राहतो.

लेवीची_पोथी

दोघेही कोर्टातच अडकलाय. नव्या करारातली भाषा बरीचशी मंदिरातली आहे, आणि मंदिरात काय चालायचं ते बघितलं तर चित्र बदलतं.

लेवीय १६, प्रायश्चित्ताच्या वार्षिक दिवसाचा विधी: बकरे दोन. चिठ्ठ्या टाकून ठरवायचं कोणता परमेश्वराचा. त्याचा वध होतो, रक्त दयासनावर (कराराच्या कोशाच्या झाकणावर) आणि दयासनापुढे शिंपडलं जातं, पवित्रस्थान शुद्ध होतं. दुसऱ्याच्या डोक्यावर महायाजक दोन्ही हात ठेवतो, लोकांची पापं कबूल करतो आणि त्याला जिवंत रानात सोडतात. म्हणजे ज्याच्यावर पापं लादली तो मरत नाही, आणि जो मरतो त्याच्यावर पापं लादल्याचं त्या अध्यायात म्हटलेलं नाही. प्राण्याला माणसाच्या जागी शिक्षा, हे समीकरण इथे बसत नाही. लेवीय ५:११ मध्ये तर ऐपत नसलेल्याला पापार्पण म्हणून दशांश एफा (धान्याचं एक माप) सपीठ चालतं, तेल आणि धूप न घालता. सपिठाला कसली शिक्षा देणार?

रोम ३:२५ मधला 'हिलास्तेरिऑन' हा ग्रीक शब्द ग्रीक जुन्या करारात याच दयासनासाठी आहे, आणि इब्री ९:५ मध्येही. पौल ख्रिस्ताला शुद्धीची जागा म्हणतोय, असं वाचायला पूर्ण वाव आहे.

रोखठोक

सपिठाचा मुद्दा चांगला, पण इब्री लोकांस पत्राच्या लेखकाला तो माहीत असावा. ९:२२ मध्ये तो 'नियमशास्त्राप्रमाणे जवळजवळ सगळं रक्ताने शुद्ध होतं' म्हणतो. 'जवळजवळ' मुद्दाम आहे. आणि यशया ५३:१० मध्ये सेवकाच्या जिवाला 'आशाम', म्हणजे दोषार्पण म्हटलंय. पाप वाहणं, मरणं आणि अर्पण होणं या तिन्ही गोष्टी त्या एका अध्यायात एकत्र आहेत. लेवीयमध्ये वेगळ्या असतील, यशयाने त्या जोडल्या.

आणखी एक. येशू मेला तो वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून सुटकेच्या आठवणीच्या सणात, प्रायश्चित्ताच्या दिवशी नव्हे. निर्गम १२ मध्ये ज्या घरी कोकरू मारलं त्या घरचा ज्येष्ठ पुत्र वाचला. एकाच्या जागी दुसरा, याहून उघड काय हवं?

लेवीची_पोथी

एकाच्या जागी दुसरा, हो. शिक्षा, नाही. वल्हांडणाचं कोकरू पापार्पण नव्हतंच. ते खाल्लं जायचं, आणि त्याचं रक्त चौकटीला लावायचं ते गुलामगिरीतून सुटण्याच्या रात्री.

तिसरा_प्रहर

सुटका हा शब्द अखेर आला, बरं झालं. पूर्वेकडच्या मंडळींत हा कोर्टाचा वाद फारसा रुजलाच नाही. चौथ्या शतकातला बिशप अथनासिअस याच्या मते माणूस नाशाच्या वाटेला लागला होता आणि मरणाचा नाश मरणात शिरूनच होणार होता. कलस्सै २:१४-१५ मध्ये ऋणपत्र खिळ्याने ठोकलं जातं आणि लगेच सत्तांची धिंड निघते. १९३० साली गुस्ताफ औलेन या स्वीडिश विद्वानाने या विजयाच्या अर्थाला पश्चिमेत पुन्हा उजाळा दिला.

अर्थात इथेही खड्डे आहेत. येशूने आपला प्राण खंडणी म्हणून दिला म्हणतात, पण ती कोणाला दिली, असं विचारलं की गाडी अडते. चौथ्या शतकातल्या निस्साच्या ग्रेगरीने सैतान गळाला लागल्याची उपमा वापरली. देहाच्या आमिषात दडलेला देवपणा त्याने गिळला म्हणे. त्याच काळातल्या नाझिआंझसच्या ग्रेगरीला सैतानाला खंडणी ही कल्पनाच किळसवाणी वाटली. उपमेला तिच्या ऐपतीपेक्षा जास्त राबवलं की असं होतं.

रोखठोक

विजय झाला, छान. पण माझ्या हातून घडलेल्या अपराधाचं काय? मरण हरलं म्हणून माझा दोष आपोआप धुतला जात नाही. त्याचं उत्तर तुमच्या चित्रात कुठे आहे?

उघडा_खिळा

तुमच्या सगळ्यांच्या चित्रांत लाज कुठेच नाही. क्रूस मुख्यतः गुलामांसाठी आणि बंडखोरांसाठी होता. रोमन वक्ता सिसेरो म्हणाला होता की हा शब्दसुद्धा रोमन नागरिकाच्या कानापासून दूर असावा. रोमच्या पॅलेटाइन टेकडीवर १८५७ मध्ये सापडलेल्या भिंतीवरच्या रेघोट्यांत क्रूसावर गाढवाच्या डोक्याचा माणूस आहे, खाली लिहिलंय की अलेक्सामेनोस आपल्या देवाला भजतो. ही थट्टा होती. १ करिंथ १:१८ मधला 'मूर्खपणा' म्हणजे हे. शिकवायचं तर इथून सुरू करा.

आणि कृपा करून 'पित्याने पुत्राकडे पाठ फिरवली' हे वाक्य गाळा. क्रूसावर येशूने मारलेली 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू मला का सोडलंस' ही हाक स्तोत्र २२ ची पहिली ओळ आहे. त्याच स्तोत्राच्या २४व्या ओवीत देवाने आपलं तोंड लपवलं नाही असं आहे.

कोनशिला

हे शेवटचं मी उचलतो. रोखठोक, न्यायाधीशाच्या जागी मी मत्तय १८ मधला राजा घेईन. दहा हजार तालांतांचं, म्हणजे फेडताच येणार नाही एवढं, कर्ज तो सोडून देतो. कोणाला शिक्षा नाही, कोणी मधे पडून भरत नाही.

रोखठोक

घ्या की. फक्त दहा हजार तालांत कोणाच्या तिजोरीतून गेले, तेही मुलांना विचारा.