फ्रेंच व्याकरण : न घडलेल्या क्रियेसाठी कोणता भूतकाळ वापरावा?

फ्रेंचचे प्राथमिक व्याकरण शिकताना ‘पासे कोंपोझे’ आणि ‘अँपार्फे’ या दोन भूतकाळांतील फरक होकारार्थी वाक्यांत कळतो. माझा प्रश्न नकारार्थी वाक्यांचा आहे. घडून पूर्ण झालेल्या क्रियेला पहिला काळ, तर वर्णन, सवय किंवा चालू स्थिती यांना दुसरा, असा नियम शिकवला जातो. पण जी क्रिया घडलीच नाही, तिला पूर्ण झालेली कोणत्या अर्थाने म्हणायचे?

मराठीच्या आधाराने मी एक जुळणी केली आहे, ती कितपत टिकते हे जाणकारांनी कृपया सांगावे. ‘तो आला नाही’ यासाठी ‘इल ने पा व्हन्यू’ आणि ‘तो येत नव्हता’ किंवा ‘तो येत नसे’ या दोहोंसाठी ‘इल न व्हने पा’, अशी ती जुळणी आहे. इच्छा दाखवणाऱ्या क्रियापदात तर काळ बदलला की अर्थच बदलतो: ‘ज न व्हुले पा’ म्हणजे माझी इच्छा नव्हती, मग पुढे ते काम मी केलेही असेल, ‘ज ने पा व्हुल्यू’ म्हणजे मी नकार दिला आणि विषय तिथेच मिटला. ‘ज साव्हे’ म्हणजे मला माहीत होते आणि ‘जे स्यू’ म्हणजे मला कळले, हेही त्याच जातीचे. व्याकरणाचा हा भाग मला सर्वांत विलोभनीय वाटतो, म्हणूनच तो अर्धवट समजून पुढे जाण्याची इच्छा नाही.

‘दार उघडेना’, ‘तो ऐकेना’ या रूपांपाशी मात्र माझी जुळणी अडते. प्रयत्न चालू आहे आणि क्रिया दाद देत नाही, असा त्यांचा अर्थ. ‘ला पोर्त न व्हुले पा सूव्रीर’ अशी अँपार्फेमधील रचना मला ठाऊक आहे. परंतु ‘दोन तास दार उघडेना’ असे म्हणून कालावधीला मर्यादा घातली, तर काळ बदलावा लागेल का? होकारार्थी वाक्यात ‘पांदां’ (‘इतका वेळ’ या अर्थाचा शब्द) लावून ठरावीक अवधी सांगितला की सहसा पासे कोंपोझे येतो. नकारातही तोच नियम चालतो का?

एत्र (‘असणे’) की आव्वार (‘जवळ असणे’), या साहाय्यक क्रियापदांच्या निवडीत अडचण नाही. शब्दक्रमाबद्दल मात्र एक शंका उरते. ‘पा’ (नाही), ‘जामे’ (कधीही नाही), ‘प्ल्यू’ (यापुढे नाही) आणि ‘रियँ’ (काहीही नाही) हे शब्द साहाय्यक क्रियापद आणि धातुसाधित यांच्या मध्ये बसतात, जसे ‘ज ने रियँ व्यू’, म्हणजे मी काहीही पाहिले नाही; पण ‘मी कोणालाही पाहिले नाही’ म्हणताना ‘ज ने व्यू पेर्सॉन’ असा क्रम होतो आणि ‘पेर्सॉन’ धातुसाधिताच्या पुढे जातो. ‘काहीही’ आणि ‘कोणालाही’ ही दोन्ही कर्मेच असताना त्यांच्या जागा वेगळ्या का? यामागे काही तर्क असल्यास तो, आणि वरील काळांच्या प्रश्नासाठी दोन्ही काळांतील नकारार्थी वाक्यांच्या काही जोड्या, संदर्भासह दिल्यास फार उपयोग होईल.